साफ करून ठेवलेला तलाव

माझ्या कामात दोन गोष्टी वर्ज्य आहेत. ज्याचं शेत तपासायचं त्याच्या घरी जेवायचं नाही, आणि त्याने काय करावं हे त्याला सांगायचं नाही. पहिल्या नियमापायी मी वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शिष्ट बाई म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या नियमापायी एक तलाव गेला. गावाचं नाव मी सांगणार नाही, पण तो तलाव डोळ्यांपुढून हलत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर लोकांना वाटतं मी धाडी घालत फिरते. आमच्या भागात आता मका फार झाला. तो कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि ते गाड्यांमध्ये जळतं. ते विकत घेणारा कुठेतरी लांब बसलेला असतो आणि तो विचारतो, बाबांनो, हा मका पिकवायला जंगल तर तोडलं नाही ना? पाणथळ जागा तर आटवली नाही ना? त्यासाठी एक साल ठरवलेलं आहे. त्या सालच्या उपग्रहाच्या चित्रात जिथे झाडं होती, पाणी होतं, तिथे ते आजही असलं पाहिजे. असेल तर पास. मोडून मका पेरला असेल तर नापास. आणि गावाचा मिळून एक गट असतो, त्यातलं एक शेत नापास झालं की अख्खा गट नापास. हे पाहायला आणि लिहायला आमच्यासारखी माणसं ठेवलेली असतात. मी वरोऱ्याची, शेतकी शिकलेली, आणि डोकं लवकर तापणारी. ते आईकडून आलंय.

ते गाव धानाचं. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये जुना मोठा तलाव, त्याच्या मातीच्या पाळीवर मोहाची झाडं आणि पाळीखाली मासेमारी करणाऱ्यांची घरं. तलाव पावसाळ्यात भरतो, दिवाळीनंतर हळूहळू उतरायला लागतो, आणि पाणी जसजसं मागे सरकतं तसतशी उघडी पडलेली गाळाची जमीन हे लोक पेरत जातात. पूर्वी लाखोरी पेरायचे, वाल पेरायचे. आता मका, कारण मक्याला गिऱ्हाईक आहे. मृग लागला की पाणी परत येतं आणि शेताचा पुन्हा तलाव होतो. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून हे असंच चालत आलंय.

तलावाच्या मधोमध एक खोलगट जागा होती, तिला ते पोट म्हणत. पोटाच्या अलीकडे सागाचा एक खुंटा ठोकलेला होता. त्या खुंट्याच्या पलीकडे जाळं टाकायचं नाही, मग उन्हाळा कितीही कडक असो की घरात लग्न असो. रोहू-कतल्याची पिल्लं विकत आणून सोडता येतात. मरळ, झिंगे आणि बारीकसारीक मासळी मात्र त्या पोटातच उन्हाळा काढायची आणि पाऊस आला की तिथूनच साऱ्या तलावभर पसरायची.

मी पहिल्यांदा गेले ती दिवाळीनंतर. धानाची कापणी चालू होती. मासेवाल्या बायकांची एक म्होरकी होती, साठीच्या पुढची, उंच, काळीभोर, कमरेला पदर खोचलेली. तिच्या डोंग्यात बसवून तिने मला सगळा तलाव फिरवला. कुठे कमळकांदे निघतात, कुठे न पेरता देवधान उगवतं, तो खुंटा, ते पोट, सगळं दाखवलं. सोबत कारखान्याचा खरेदीवाला होता, चांगला हसतमुख माणूस, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. आम्ही पाळीवर आलो. मी टॅबवर नकाशा उघडला. ठरलेल्या सालच्या चित्रात तलाव निळा दिसत होता आणि यांनी नोंदवलेल्या मक्याच्या पट्ट्या त्या निळ्यात अर्ध्याअधिक शिरलेल्या दिसत होत्या.

"हे निळं काय हाये जी?" म्होरकीने विचारलं.

"पाणी."

"मंग त्यानं काही अडते का?"

आता खरं सांगायचं तर मला तिथेच उत्तर माहीत होतं. काही अडत नव्हतं. पाणी आपलंआपण उतरतं, मागे पेरणी होते, पावसाळ्यात पुन्हा भरतं, म्हणजे तलाव जागच्या जागी आहे. पास. पण पीक उभं असताना पुन्हा पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नसतो, आणि काय ठेवा, काय काढा, हे तर तोंडातून काढायचंच नसतं. तपासणाऱ्याने सल्ला दिला तर तो स्वतःच्याच सल्ल्याला पास करेल, असा त्यामागचा विचार. विचार काही खोटा नाही.

"मला आत्ता काही सांगता येत नाही," मी म्हटलं. "होळीच्या सुमारास परत येईन. तेव्हा तलाव पाहीन."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. खरेदीवाल्याने शहाण्यासारखी मान हलवली.

मग म्होरकी म्हणाली, जेवून जा. भात आणि झिंग्याचा रस्सा होता, वास पाळीपर्यंत येत होता. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, आम्हाला चालत नाही. झालं! तिचा चेहरा एकदम बंद झाला.

"आमच्या हातचं चालत नाई?"

"तसं नाही हो बाई. कामाचा नियम आहे. मी कोणाकडेच जेवत नाही."

"मोठ्या लोकाईचं असंच असते," ती दुसऱ्या बाईकडे पाहून म्हणाली.

माझं डोकं तापलं. मोठे लोक! म्हटलं, "बाई, आम्ही जयभीमवाले. आमच्या हातचं किती जणांना चालत नव्हतं ते मला नका सांगू."

ती खदखदून हसली. "मंग तं तुले खाच लागते वं माय! पुढच्या टायमाले तुले जेवल्याबिगर जाऊ देत नाई." मॅडमवरून ती एका वाक्यात तुले-मलेवर आली. मला बरं वाटलं.

घरी येऊन आईला हे सांगितलं तर तिने माझीच खरडपट्टी काढली. "तुह्या आजीले लोकं वरून पाणी ओतत होते. अन् आता कोणी पाट मांडून जेव म्हणते तं तू नाई म्हणतं? आग लागो तुह्या नियमाले." मी म्हटलं, आई, नोकरी आहे. ती म्हणाली, नोकरी तर मीही केली, पण उपाशी कधी उठले नाही.

होळीला दोन-तीन दिवस असताना मी परत गेले. गाडीतून उतरले, पाळ चढले आणि पाहिलं तर पाणीच नाही. मला वाटलं ड्रायव्हरने भलत्याच गावात आणलं. पण मोहाची झाडं तीच होती, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत मका उभा होता, तुरे आलेला, हिरवागार. मधोमध सागाचा तो खुंटा दिसत होता. त्याला एक फाटका सदरा घालून त्याचं बुजगावणं केलं होतं.

देवाला मी मानत नाही, पण तोंडातून निघालंच, अरे देवा.

बायका पाळीवर रांगेत उभ्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. म्होरकी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता, मी कसं सांगू! लेकीला पाहायला पाहुणे आले की आईचा असतो तसा.

"या जी मॅडम," ती म्हणाली. लोकांसमोर मी पुन्हा मॅडम झाले होते. "तुमच्यासाठी सारा साफ करून ठेवला. पाहा, थेंब नाई."

आणि ती मला खाली घेऊन गेली. मक्यातून वाट केली होती. पोटाच्या जागी अजून ओला चिखल होता, तिथे मका काही लागला नव्हता. त्या चिखलावर त्यांनी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलं होतं, चांगलं कोरडं, जाड, पार पलीकडपर्यंत.

"पाय भरतीन म्हून टाकलं," एक बाई म्हणाली.

मी त्या तणसावर उभी राहिले.

"पाणी कुठे गेलं?"

"सोडलं," म्होरकी म्हणाली. "तुम्ही गेल्यावर महिन्यानं तुडूम खोललं." तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं तोंड. "नाल्यानं गेलं वाहून. पोटातलं काही केल्या निघत नव्हतं, तं या भाऊनं इंजन आणून देलं. चार रोज झाले, तेवढं बी काढलं."

भाऊ म्हणजे खरेदीवाला. तो मागेच उभा होता. "मॅडम, अब तो पूरा सूखा है," तो म्हणाला. "आता नकाशात निळं कुठून येईन?"

स्वच्छ इंधनाचा मका, आणि त्यासाठी डिझेलचं इंजिन लावून उपसलेला तलाव. हसावं की रडावं! एरवी मी हे आईला रंगवून सांगितलं असतं.

"आणि मासे?"

"एकाच बाजारात सारे नेले. भाव पडला. उरले ते गावात वाटून टाकले," म्होरकी म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "मन तं होत नव्हतं जी. पण बाकीचे शेतवाले म्हणाले, तुमच्या तलावापायी साऱ्या गावाचा मका नापास होईन. आमच्या पायी गावाचं काऊन अडावं?"

तेव्हा मला सगळं कळलं. खरेदीवाल्याने गावात सांगितलं होतं, मॅडमच्या नकाशात निळं आहे, निळं चालत नाही, मॅडम तलाव पाहायला येणार आहे. शेतवाल्यांनी ते मासेवाल्यांच्या डोक्यावर टाकलं. आणि मासेवाल्यांनी, ज्यांनी तीन-चार पिढ्या त्या खुंट्यापलीकडे जाळं टाकलं नव्हतं, त्यांनी गावासाठी पोट उपसलं. उंटावरचा शहाणा शेजारी उभा राहून हसत होता. मी त्याच्यावर अशी काही ओरडले की पाळीवरची कुत्री उठून उभी राहिली.

"अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे? मी म्हटलं होतं का, पाणी काढा म्हणून?"

"आप कुछ बोले ही नहीं ना मॅडम," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

मग मला बायकांना सांगावं लागलं. मी तणसावरच खाली बसले आणि सांगितलं. म्हटलं, तपासणी पाण्याच्या विरुद्ध नाही, पाणी मोडण्याच्या विरुद्ध आहे. ज्या साली तलाव होता त्या जागी आज तलाव नाही, फक्त मका आहे, तो तलाव आटवून लावलेला. हे नापास आहे. तुमचंही, आणि त्यामुळे सगळ्या गावाचंही.

मग कडेला बसलेली एक बाई, बहुतेक म्होरकीची सून, हळूच म्हणाली, "म्हणजे होता तसाच राहू देला असता तं?"

"तर काही झालं नसतं. पास होता."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?" म्होरकीने विचारलं. रागाने नाही विचारलं. रागाने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मला सांगता येत नाही, बाई. नियम आहे." माझ्याच तोंडचं ते वाक्य मला शिळ्या भातासारखं लागलं. मग मीच चिडले. "पण तुम्ही एक फोन तर करायचा! नंबर दिला होता मी. एवढा मोठा तलाव सोडताना एक फोन नाही करायचा?"

म्होरकीला खरोखरच कळत नव्हतं मी काय विचारते आहे ते.

"पाहुणा येनार म्हून घर झाडतो ना आपण," ती म्हणाली. "ते का पाहुण्याले फोन करून इचारतेत, झाडू का म्हून?"

मी तणसावरून उठले.

खरेदीवाल्याने मला बाजूला घेतलं. त्याचाही चेहरा आता उतरला होता, गावात रोज त्यालाच यायचं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये दिवाळीनंतरचे फोटो होते, भरलेल्या तलावाचे, डोंग्यात बसलेल्या माझे. "मॅडम, हेच लावून टाका ना. पावसात तर भरनारच आहे तलाव. झूठ थोडी ना आहे."

आणि मी विचार केला. नाही कशाला म्हणू? चांगला मोहोरीच्या फोडणीचा वास येत होता, बायका वाट पाहत बसल्या होत्या, आणि पास हा एक शब्द होता. खोटंही पुरतं नव्हतं. मृगात पाणी आलंच असतं. पण पलीकडच्या गावांतही तलाव आहेत, तिथेही हाच खरेदीवाला जातो, आणि मासेवाल्यांचे नातेवाईक सगळीकडे आहेत. या गावाने तलाव उपसला आणि गाव पास झालं, ही गोष्ट पसरायला किती वेळ लागणार? पुढच्या होळीला मी जिथे जाईन तिथे माझ्यासाठी तलाव साफ करून ठेवलेला असेल, आणि चिखलावर तणस.

मी नाही म्हटलं. तो पाळीवर जाऊन सिगारेट ओढत बसला.

परत आले तर म्होरकी उभी राहिली होती. तिने पदर झटकला. "चला, जेवा आता."

"बाई, मला चालत—"

"काऊन नाई चालत? तपासणी झाली ना? नापास बी केलं. आता का राह्यलं त्यात?"

आता यावर आमच्या ऑफिसात कोणाकडे उत्तर असेल तर मला सांगावं. मी तिच्या मागे गेले.

अंगणात निळा प्लास्टिकचा ड्रम होता, अर्धा पाण्याने भरलेला. तिने आत हात घातला आणि मरळ वर काढली. कोपरापर्यंत लांब, काळी, पोटाशी पांढरट, फुगलेली. तिच्या हातात ती जोर करत होती.

"पोटातली हाये. शेवटली," ती म्हणाली. "बाकी सारे गेले. ही तुमच्यासाठी ठेवली होती. जेवू घालीन म्हून सांगतलं होतं ना मी तुम्हाले."

"मारू नका," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, "बाई, मारू नका तिला. सोडून द्या."

ती मासोळी तशीच हातात धरून उभी राहिली आणि तलावाकडे वळली. मीही पाहिलं. वाऱ्यावर मका हलत होता.

"सोडू कुठी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, दुसऱ्या गावच्या तलावात सोडू, माझी गाडी आहे. ती म्हणाली, तिथल्या तलावाचे मालक तिथले मासेवाले. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? आमचा तलाव आम्हीच उपसला म्हणून तुमच्याकडे मासोळी आणली? तेवढं तोंड आपल्याला नाही. मग ती विळीपाशी बसली. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी दुसराही नियम मोडला. तिला म्हटलं, मका निघाला की तुडूम लगेच बंद करा, नीट लिंपून घ्या, मृगाच्या आत. खुंट्याचा सदरा काढा. पाणी भरलं की पोट पुन्हा होईल. ती कापता कापता हो जी, हो जी म्हणत होती. पाण्याची तिला काळजी नव्हती. "पाणी तं येईनच," ती म्हणाली. "पाणी वरून येते."

पाट मांडला. घरातले सगळे भोवती बसले, पण जेवायला मी एकटी. भात वाढला, रस्सा वाढला, मधले तुकडे वाढले. मग तिने रश्श्याच्या गंजात हात घालून आणखी काहीतरी वेगळं शोधलं आणि अलगद काढून माझ्या भातावर ठेवलं. गाभोळी होती. अंड्यांची अख्खी पिशवी, पिवळीधमक, दाणा दाणा मोजून घ्यावा अशी.

"हे पाहुण्याचं असते," ती म्हणाली. "खा."

त्या तलावात पावसाळ्यात जे पोहलं असतं ते सगळं माझ्या ताटात होतं. ती समोर बसून पाहत होती, मी पहिला घास कधी घेते म्हणून. आई म्हणाली असती, खा. मी खाल्लं. सगळं खाल्लं, ताट पुसून.

तिने रिकाम्या गंजाकडे पाहिलं आणि जरा ओशाळल्यासारखी झाली.

"अजून वाढली असती जी," ती म्हणाली, "पण आता सरली."